एंटर तुम्हीच दाबा

नाही मॅडम, बसा, खुर्ची तुमचीच — आजपासून डेटाबेस तुमच्याकडे, मी फक्त ताब्यात देऊन निघणार. तर काय सांगत होतो — अख्खं हॉस्पिटल याच्यावर चालतं, पेशंट, रिपोर्ट, औषधं, सगळं, आणि आवृत्ती इतकी जुनी की बनवणाऱ्यांनीसुद्धा हात झटकलेत. मग बदलायची कशी? सगळा डेटा बाहेर काढून नव्यात भरायचा — सुरक्षित, पण दोन दिवस हॉस्पिटल बंद कोण ठेवणार? शेजारी दुसरा सर्व्हर उभा करून हळूहळू तिकडे वळवायचं — उत्तम, पण सर्व्हरचं नाव काढलं की साहेबांना नेमका फोन येतो. मग उरलं काय? जागच्या जागी. कॉपी नाही, काही नाही, आहेत त्याच फायलींवर नवी आवृत्ती बसवायची, अर्ध्या तासात मोकळं. खाली सांगून ठेवलंय, तेवढा वेळ कागदावर लिहा म्हणून. तपासणीही झालीय, कुठे अडलं नाही. आता फक्त एंटर — तुम्हीच दाबा, म्हणजे हात बसेल.

परत जुन्यावर यायचं झालं तर? नाही येता येत. नवी एकदा सुरू झाली की त्या फायली जुन्या आवृत्तीला चालत नाहीत. बॅकअप आहे हो, पण तो भरायचा म्हणजे पुन्हा तेच दोन दिवस. अहो, काही होत नाही. मागच्या वेळी मीच दाबलं होतं — रुजू झालो त्याच दिवशी, याच खुर्चीत. आधीचे सर म्हणाले, दाब, हात बसेल. मी दाबलं, आणि ते चहाला म्हणून गेले ते गेलेच. मग रिपोर्ट उघडेनात — कुणाला विचारायचं? यालाच, यानेच दाबलंय ना. राजीनामा दिला की साहेब म्हणतात, आधी हे निस्तरा, मग खुशाल जा. निस्तरतोच आहे. बायको बदली घेऊन गेली, मुलीला घेऊन, म्हणाली, तू ये मागून — मुलगी आता फोनवर मला अहो-जाहो करते. आज सुटणार म्हणून सामान गाडीत भरूनच आलोय. तेव्हा म्हटलं, तुम्ही एकदा दाबलंत की —

हात का काढलात? अहो, तसं नाही, माझ्या वेळची गोष्ट वेगळी होती... पर्स कशाला घेताय — रुजू झाल्याची सही केलीत ना सकाळी? अजून नाही म्हणता?

बरं. बरोबर आहे तुमचं. मीही तेव्हा असंच उठायला हवं होतं.

जाताना दार ओढून घ्या. साहेबांनी विचारलं तर सांगा, मी आहे इथेच.