उसाची काडी

साताऱ्यात हायवेला ते नवीन भारी हॉटेल झालंय ना, तिथं मी आमच्या कडेगावच्या मामांना घेऊन गेलो. मामांनी उसाच्या रसाचं कॉकटेल सांगितलं. ढवळायला ग्लासात सोललेल्या उसाची काडी. उसाचे फायदे काय असतात, हे वेटरनं मामांना सांगितलं. मामांचा जन्म उसाच्या फडात गेलाय. मग वेटर जो गेला, तो शेजारच्या पुणेकरांच्या टेबलालाच चिकटला. कबाब सांगून अर्धा तास झाला, मी तीनदा हाक मारली, पण गडी मान वळवायला तयार नाही.

मामांनी ग्लासातली काडी काढली, दाढेखाली धरून कराकरा चावली आणि चोथा पांढऱ्याशुभ्र प्लेटमध्ये काढून ठेवला. वेटर धावतच आला.

"सर, ते खायचं नसतं. फक्त ढवळायला असतं."

"आसंल," मामा म्हणाले. "आमची म्हसबी उसाचा चोथा दिसला की अशीच पळत येती."

मग मिशा पुसून म्हणाले, "पण ती हाकेलाबी येती."