वन्संबरोबरची वाट

ते होय? ते विकायचे नाहीत. जळवांचे मोजे आहेत ते — आमचे, घरचे. गुडघ्यापर्यंत येतात, वर नाडी, आणि कापड इतकं घट्ट विणीचं की जळू डोकं आपटून परत जाईल. बसा ना, त्या स्टुलावर बसा, कपडे सरकवा बिनधास्त. तुमच्या सॅकची अख्खी चेन काही बदलावी लागणार नाही, रनर तेवढा गेलाय — हा बघा, तोंड वासून बसलाय — नवा घालते. पट्टाही उसवत आलाय, त्यालाही टीप मारून देते. निघालात कुठे एवढी मोठी सॅक घेऊन? — काय सांगता! दीपगृहाच्या वाटेनं? अहो, आम्हीही तिथेच! आधी किनारा, मग वरचं जंगल. मी आणि माझी नणंद.

हसलात ना? सगळेच हसतात. नणंद-भावजय पाठीवर ओझी घेऊन हिंडायला जातात म्हटलं की लोकांना वाटतं, नक्की एकजण दुसरीला कड्यावरून ढकलून येणार. मी तिला वन्सं म्हणते. माझं लग्न झालं तेव्हा ती कॉलेजात, एवढीशी पोर, आणि मी आपली तिला चिडवायला — वन्सं, चहा घेता का, वन्सं, पाणी तापलंय हं — ते चिकटलं ते चिकटलंच. आता तिचे केस माझ्याआधी पांढरे झालेत, तरी वन्संच.

एक सांगते, ओहोटी बघून निघा. ओहोटी गाठलीत तर खडकांच्या पायथ्याशी कडक वाळू लागते, रस्त्यासारखी, सरळ चालत सुटायचं. चुकलीत तर वरून काट्याकुट्यातून वळसा. आम्ही एकदा चहा पीत रेंगाळलो, तर पाणी कमरेला — वन्संनी बूट डोक्यावर धरलेले, मी तिची सॅक धरलेली, आणि घाबरायचं सोडून दोघी अशा हसत सुटलो की हसण्यानंच बुडायची वेळ. दीपगृहाच्या पुढे ओढा येतो. तिथे समुद्राकडे पाठ करायची आणि काठाकाठानं वर. थोडं चढलं की समुद्राचा आवाज बंद — बंद म्हणजे बंदच, कोणी मागून दार लावून घ्यावं तसा. सगळं हिरवंगार, अंधारं, पाऊस नसला तरी पानं ठिबकतायत. झाडांच्या अंगावर झाडं, त्यांच्या अंगावर शेवाळ. वर वनखात्याची लाकडी खोली आहे, दोन खाटांची, ती मी सांगून ठेवलीय. एक खाट फार करकरते, तीच मी घेणार आहे, कारण एकटीच — काय? एकटी म्हणाले का मी? नाही हो. आम्ही. म्हणजे —

मिस्टर? मिस्टर नाहीत. म्हणजे आहेत, पण इथे नाहीत. दुसरं घर केलं त्यांनी. झाली त्याला बरीच वर्षं, तुम्ही कशाला तोंड पाडताय, मला काही नाही त्याचं आता. तेव्हा मात्र सासरची सगळी माणसं अशी वाऱ्यावर उडून गेल्यासारखी गेली — दीर, जावा, रस्त्यात दिसले तर पलीकडच्या फुटपाथवर. एकटी वन्सं आली. ह्याच दारात उभी राहिली, म्हणाली, ‘‘वहिनी, दादानं तुला सोडलं असेल, मी नाही सोडलेलं. बूट घाल, चल.’’ बूट! मला वाटलं हिचं डोकं फिरलं. पण नेलंच मला. त्या सबंध वाटेवर मी चालले कमी आणि रडले जास्त. ती नुसती पुढे चालायची आणि वळून वळून बघायची, येतेय ना मी. तेव्हापासून दरवर्षी जातो आम्ही. जात होतो. सरका जरा, तुमच्यामुळे उजेड अडतोय.

तिचा फोन आला. मी मशिनवरच होते, मोबाइल खांद्यात दाबलेला, तिच्याच मोज्यांना नाडी घालत होते. म्हणाली, दादाला झटका आला, डावी बाजू गेली, मी इकडेच राहायला आलेय, यंदा काही जमणार नाही गं. मी म्हटलं, अगं मग, भाऊ आहे तुझा. तसंच म्हणायचं असतं ना? आणि पुढे काही म्हणायच्या आत ती म्हणते, ‘‘वहिनी, दूध उतू जातंय बघ!’’ मी खरंच मागे वळून बघितलं हो. शिलाईच्या दुकानात कुठलं दूध! मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मला नव्हती म्हणाली ती. तिकडच्या बाईला म्हणाली. वहिनी.

आता त्यात वन्संचं काय चुकलं? भावाच्या बायकोला वहिनी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? बरोबरच आहे. प्रश्न माझाच आहे — भावानं सोडलेल्या बायकोला काय म्हणतात, सांगा बघू? तुम्ही शिकलेले दिसता.   हा दोरा बघा, आज सारखा तुटतोय.

मग गेले मी. त्यांच्या घरी, हो. हातात वन्संचा दुरुस्त केलेला रेनकोट, निमित्ताला. मनात म्हटलं आज त्या बाईला सोडायची नाही, चांगलं सुनावून यायचं. दार तिनं उघडलं, त्या बाईनं. इतकी वर्षं मी मनात तिला चांगली उंच, झकपक उभी केली होती — बुटकी निघाली! अंगात चुरगळलेला गाऊन, केसांना फणी लागलेली नाही, डोळे खोल गेलेले. मला ओळखलं तिनं. बाजूला झाली आणि म्हणाली, ‘‘या, आत आहेत.’’ आत वन्सं त्याला चमच्यानं पाणी पाजत होती. त्यानं माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलला, निम्मं पाणी हनुवटीवरून खाली. काय बोलला ते कळलं नाही. मी विचारलंही नाही. तेवढ्यात त्याची कूस बदलायची वेळ झाली, तर आम्ही तिघींनी चादर धरली — मी पायाकडून — आणि वळवला. किती हलका झालाय हो. एकेकाळी पलंग मोडेल असा माणूस. ती बुटकी म्हणाली, ‘‘तिघी असलं की बरं जमतं,’’ आणि माझ्याकडे बघून हसली. थकलेलं हसू. त्या हसण्याशी काय भांडणार? रेनकोट खुंटीला लावला आणि निघाले.

वन्सं जिन्यापर्यंत आली. माझा हात धरला, म्हणाली, पुढच्या वर्षी नक्की जाऊ. नक्की म्हणाली ती.

काय म्हणालात? तुमच्या ग्रुपबरोबर? — नाही हो, विचारलंत, बरं वाटलं. पण तुम्ही सगळे तरणेताठे, मी मागे पडणार आणि तुम्ही तोंडावर काही न दाखवता माझ्यासाठी थांबणार. ते मला सोसत नाही. एकटी जाईन मी, किनारा तरी करीन. जंगलाचं बघू. पुढच्या वर्षी आहेच की. पुढच्या वर्षी जंगल.

म्हणजे — डॉक्टर म्हणालेत, नीट सांभाळलं तर असा माणूस वर्षानुवर्षं राहतो. आणि वन्सं काय, नीटच सांभाळणार. घरचं एक कुत्रं होतं त्यांचं, आंधळं, ते तिनं हातानं भरवून कितीतरी वर्षं जगवलं. मग ती सुटणार कधी? त्यांच्याकडून परत येताना बसमध्ये मी तेच घोळवत होते. रोज सकाळी दुकान उघडताना तेच. तो आहे तोवर ती त्या खोलीतून हलायची नाही, म्हणजे आम्हाला जायचं तर आधी तो — आधी त्याचं —

नाही. काय बोलले मी हे?

तुम्ही काही ऐकलं नाहीत. मशीनचा आवाज होता. घ्या, झाली तुमची सॅक. चेन ओढून बघा. चालतेय ना? मग झालं तर. — नको, पाणी नको मला, काही झालेलं नाही. उठा तुम्ही. उठा, मला दुकान बंद करायचंय.