छपरातली खिडकी

थांबा भाऊ, गाडी तिथंच राहू द्या, सावली आहे — अन् चावी कायले पुढं करून राहिले, मले गाडी हलवायची नाही, सजवायची आहे. ठेवा खिशात. बसा. चहा सांगतो. नाही कसं म्हणता? सडक अर्जुनीत येऊन माझ्या दुकानातून कोणी बिना चहाचा गेला तर लोक विचारतील, काऊन हो उमरावजी, आजारी आहात का? बिसराम ना नाव तुमचं? हां, चैतरामजीचे नवे ड्रायव्हर. पाहा, ओळखलं. सीट कव्हर, मॅट, हॉर्न, नवरीची गाडी, नवरदेवाची गाडी — या हायवेवर जे चाकावर चालते ते एकदा तरी माझ्या दारात थांबते. मले माणसाचा चेहरा पाहायची गरजच पडत नाही. टायर कोणत्या बाजूनं घासलं ते पाहिलं की कळते, माणूस घाईचा आहे का कंजूस. ही गाडी चांगली आहे. चांगलीच आहे, मी कुठं वाईट म्हटलं? फक्त पांढऱ्यावर पांढरी शेवंती दिसत नाही, अन् लाल गुलाब लावला तर ॲम्बुलन्स वाटते. झेंडूच लावावा लागेल. काही गाड्यांले शोभाच नसते, काय करता.

आता सारं जग गाडीचंच झालं ना भाऊ. माझ्या लग्नाच्या वेळी पोरीवाले विचारत, धानाच्या बांध्या किती, तळ्या-बोडीचं पाणी पुरते का — आता पाहुणे येतात, अंगणातच थांबतात, आधी पाहतात उभी कोण आहे. दोन चाकं असली तर चहा, चार असली तर नाश्ता. लॉनवाल्याले कोणी विचारत नाही मंडप कसा आहे, विचारतात पार्किंग किती आहे. माणसाचं नावसुद्धा राहिलं नाही. माझा एक गिऱ्हाईक आहे, त्याचं नाव मले आजवर माहीत नाही, लाल बोलेरो म्हणतो त्याले — अन् त्याची बायकोही फोनवर तसंच सांगते, 'मी लाल बोलेरोच्या घरून बोलून राहिली.' अन् हा चैतराम? कालपर्यंत सायकलच्या कॅरिअरले भाजीची थैली बांधून फिरणारा माणूस. सडक चौपदरी झाली, त्याची जमीन सडकेत गेली, अंगणात गाडी आली. माझी जमीन कुठं गेली नाही. माझं वावर त्याच्यापासून दोनच बांध्या मागं — मोजणीवाले आले, माझ्या धुऱ्यावर उभे राहून माझंच पाणी प्यायले, अन् परत गेले! नाही, मले काही नाही त्याचं. धान पिकते माझं. पण विचारतो बापा, ती सडक थोडी इकडून वाकली असती तर कोणाचं काय जात होतं?

जरा तो दोरा धरा. हां. तर गाडी आली, अन् तिच्यात म्हणे छपरात खिडकी. सनरूफ! माहीत आहे मले शब्द, मी पडदे विकतो त्याचे. इथं उन्हाळ्यात डांबर बुटाले चिकटते अन् हा माणूस पैसे देऊन डोक्यावर ऊन घेते. पण गावात पाहा, पोट्टे मागं धावतात, 'सनरूफवाले काका, सनरूफवाले काका.' अरे, या गावात गाडीवरून पहिलं नाव कोणाले मिळालं? मले. व्हॅनमामा. ते मागं पाहा, सीट कव्हरच्या ढिगाखाली पांढरं काही दिसते का? तीच. कागद संपले तिचे, सडकेवर नेता येत नाही, पण दार अजून एका बोटानं सरकते. तिच्या आधी इथं चार चाकं म्हणजे फक्त एस.टी. कोणाले साप चावो, कोणाच्या पोरीचा बारावीचा पेपर असो — 'जा रे, व्हॅनमामाले बोलाव.' एकदा नवरदेव नेला अन् रुसला म्हणून तोच नवरदेव परत आणला, त्याच सीटवर, तोच हार गळ्यात. अन् माझी बहीण सुलोचना, गावातल्या गावातच दिलेली — तिले कळा सुरू झाल्या, गोंदियाले निघालो, तर गोरेगावच्या अलीकडे फाटक बंद. मालगाडी. संपतच नव्हती. मागून दाई म्हणाली, उमराव, पुढं पाहा. मी पुढं पाहिलं, डबे पाहत राहिलो, अन् डब्यांच्या खडखडाटात मागून एक रडणं आलं, एवढंसं. फाटक उघडलं, सारे हॉर्न वाजवून राहिले, अन् मी तसाच बसून. गाडी सुरू कशी करतात तेच आठवेना मले. ती रेणू.

होय, तीच रेणू. आज जिचं लग्न आहे, जिच्यासाठी तुम्ही ही गाडी घेऊन आले. तुमाले काय वाटलं, मी नुसता फुलवाला आहे? मामा आहे मी तिचा, सख्खा. चैतराम तिच्या बापाचा भाऊ, काका.

असे पाहू नका. भाचीच्या लग्नाच्या दिवशी मामा दुकानात काऊन बसला, हेच ना? सीझन आहे भाऊ, गर्दी असते — आता सकाळपासून एक तुम्हीच आले ती गोष्ट वेगळी. आमच्यात नवरीले मंडपात मामा आणते. अन् व्हॅन आल्यापासून आमच्या घरची एकूणएक पोरगी मंडपाले व्हॅनमध्येच गेली, मी चालवत, बाया मागं गाणी म्हणत. रेणू एवढीशी होती तेव्हापासून सांगून ठेवलेलं, 'मामा, मी पण तुह्याच गाडीत.' आता लॉन कुडव्याले, तिकडं पार गोंदियाजवळ, नवरदेव हिमांशु तिथलाच. अन् परवा हळदीले, सारे पाहुणे बसले असताना, हा चैतराम तोंडात पान धरून म्हणते, 'आमची रेणू छपरातून उभी राहून येईल, व्हिडिओवाला पुढं राहील. मामाजी, तुम्ही मागून बसमध्ये आरामात या.' आरामात! रेणू तिथंच होती. हसली ती. मी तिचं हसणं पाहिलं अन् उठून आलो. फोन येतात तिचे. इथं रेंज नसते. तुमचा फोन लागून राहिला? मंग तुमची कंपनी वेगळी असेल.

वर काय पाहता? हो, छपरावर जाळी बांधली, झेंडूची, चांगली दाट. खिडकी झाकली गेली? झाकणारच ना, फॅशन आहे आता. नाही, उघडणार नाही. उघडायची कायले? गोरेगावात विजेच्या तारा किती खाली आल्या माहीत आहे? अन् वारा, अन् चिलटं — नवरीच्या तोंडात चिलट गेलं तर मंगलाष्टकात खोकत बसेल, चालेल? मी मामा आहे, मले काळजी. तिच्यासाठीच करून राहिलो. ...बरं, नाहीत त्या सडकेवर तारा. हसू नका. तुमाले भाची आहे का? मंग हसू नका.

अन् पुन्हा चावी! आल्यापासून पाहतो, एकच काम, चावी पुढं, चावी पुढं. काय आहे त्या चावीत? बोला ना मंग, मी कुठं अडवलं तुमाले?

काय? ...मले द्यायची? कोण म्हणालं, चैतराम? ...रेणू. रेणू म्हणाली, गाडी कोणाचीही असो, चालवणार मामा. ...अन् तो काय म्हणाला? 'ड्रायव्हर सोडून माझी गाडी मी कोणाच्या हाती देत नाही.' म्हणालाच असेल. अन् ती? ...पायी जाईन म्हणाली? कुडव्यापर्यंत? शालू नेसून? ...मंग वाकला तो. अन् मी फोन उचलत नाही म्हणून तिनं गाडीच पाठवली.

तो चहा द्या जरा इकडे. तुमचाच द्या, चालते.

म्हणजे आता मी चैतरामचा ड्रायव्हर! सारं गाव पाहील, उमराव चैतरामची गाडी चालवून राहिला. हाच डाव असेल त्याचा — नाही, त्याले कुठं एवढं डोकं आहे. पोरीचा डाव आहे. कोणावर गेली काय माहीत.

कैची द्या ती. बॉनेटवरची फुलं राहू द्या, वरची कापा. ओढा जोरात. पूर्ण काढा, काचेच्या फटीत एक पाकळी राहिली तरी अडकते ते. तारा? कोणत्या तारा? कधी पाहिल्या तुम्ही तारा त्या सडकेवर? दाबा ते बटन. ...बापा! एवढी मोठी! सारं आभाळच आत येते की.

आणा चावी. अन् तुम्ही निघा आता, बसस्टॉप समोरच आहे. चैतरामजीले सांगा, गाडीत जागा नाही — पुढं मी, मागं रेणू, सुलोचना, अन्... अन् ही उरलेली फुलं. तुम्ही बसमध्ये आरामात या म्हणावं.