चारशे खुर्च्या आणि गारघर

...आणि वर मलाच म्हणतात, चेअरमन मामा, तुमची बुवा चंगळ आहे. चंगळ? अहो, तुम्हाला सांगतो, खुर्च्या चारशे आहेत माझ्याकडे. पांढऱ्या, प्लॅस्टिकच्या, हात असलेल्या, प्रत्येकीच्या पाठीवर लाल रंगात 'अद्दाई खुर्ची भांडार, ओपोंगक्रोम'. आणि गावात बसणारी माणसं किती? मंगळवारी दुकानाच्या पायरीवर बसून मोजली. मुद्दाम नाही, दुसरं काम नव्हतं म्हणून. उन्हं उतरेपर्यंत चाळीस झाली, त्यात म्हातारी बोआतेमा समोरून तीनदा गेली आणि एक बकरी मी चष्मा पुसायच्या आधी धरली.

चेअरमन म्हणतात ते काही कमिटीबिमिटीमुळे नाही. मयताला खुर्च्या भाड्याने देतो म्हणून. शाळा चार इयत्ता, पुढचं सगळं धंद्याने शिकवलं. आणि धंद्याने पहिली गोष्ट शिकवली ती अशी, की आमच्या गावात माणूस बघायचा असेल तर शनिवारी यावं. कारण शनिवारी मयत, म्हणजे अगदी परवापरवापर्यंत. राजधानीहून, अक्राहून, गाड्याच्या गाड्या येतात, काळी-तांबडी वस्त्रं, काळे चष्मे, हातात दोन-दोन फोन, आणि ज्या पोरांची नाकं मी पुसलीत ती मला म्हणतात, मामा, गाव किती शांत आहे हो, आम्हाला तर हेवा वाटतो. मी म्हणतो, राहा की मग. की लगेच फोन वाजतो बघा त्यांचा. रविवारी प्रार्थना उरकली, दुपारची शेवटची गाडी धूळ उडवत गेली, की मी खुर्च्या गोळा करतो, एकीत एक घालतो, रचून ठेवतो, आणि मागे वळून बघतो तर गावसुद्धा तसंच, कुणीतरी रचून कोपऱ्यात सारल्यासारखं.

तुम्हाला खोटं वाटेल. मागच्या साली बेडियाको म्हातारा गेला. पेटी उचलायला सहा जण लागतात. अक्रावाल्यांची गाडी वाटेत बंद पडलेली, आणि गावात ताठ उभे राहतील असे गडी निघाले चार. पाचवा शववाहिनीचा ड्रायव्हर. सहावा मी, गुडघ्यातलं वंगण संपलेला. अर्ध्या वाटेवर ड्रायव्हर माझ्या कानात म्हणतो, "मामा, माझ्या गावात तर आम्ही तिघंच उरलोय, आम्ही ढकलगाडी घेतली." मी म्हटलं, बाबा, तू पुढे बघ.

आणि त्या बेडियाकोचा फलक. मयताचा फलक लागतो ना, वर मोठा फोटो, खाली मुलांची नावं, नावापुढे राहण्याचं ठिकाण. नऊ मुलं. अक्रा, अक्रा, अक्रा, तेमा, अक्रा, अक्रा... वाचता वाचता जीभ अडकते. नववी मुलगी, पुढे लिहिलेलं, 'घरी'. एवढंच बरं वाटलं बघा. फलक वाऱ्याने फाटायच्या आत तीही गेली.

जाणार नाही तर काय करतील? पूर्वी इथे गारी, म्हणजे कसावाचा रवा, भाजायच्या अकरा भट्ट्या होत्या. कसावाचे कंद किसायचे, पिळायचे, भाजायचे, अख्ख्या गल्लीला आंबूस वास, आणि तीस-चाळीस बाया-गडी हाताला काम असलेले. आता ट्रक येतो, कंद उचलतो, अक्राला नेतो. तिकडे कारखान्यावर कारखाने. गारी तिकडेच होते आणि पाकिटात बसून परत येते. माझ्याच दुकानात आहे, निळं पाकीट. बोआतेमा म्हातारी, जिच्या हातची गारी खायला कुमासीहून लोक यायचे, ती ते पाकीट घेऊन उलटंसुलटं करते आणि विचारते, "चेअरमन, हे माझ्याच वावरातलं का रे?"

तर माझी कोनादू. माझं एकुलतं एक लेकरू, आई लहानपणीच गेलेली. कुमासीच्या तंत्रशाळेत यंत्रांचं शिकली आणि, तुम्हाला सांगतो, परत आली. शिकून परत आलेलं माणूस आमच्या गावात लोक बघायला येतात, काहीतरी बिघडलंय का म्हणून. तिने कागदावर गारीची गिरणी काढली. किसणी इथे, दाबयंत्र इथे, भट्टी इथे, चोवीस माणसांना काम, नावंसुद्धा लिहिलेली. मला म्हणाली, "पापा, मंडळाने ही केली तर मी इथेच. नाही केली तर आठवड्यात माझी बॅग भरलेली. रागावून नाही सांगत, पण नुसतं बसून मला वेड लागेल." मी म्हटलं, होईल गं. चारशे खुर्च्यांचा मालक आहे तुझा बाप, त्याचं गावात वजन आहे.

मंडळ म्हणजे आमचं ओपोंगक्रोम ग्रामस्थ मंडळ. मुख्य शाखा अक्रात. गावात उपशाखा. अहो, गावाची मुख्य शाखा गावात नाही. हसू नका. ईस्टरला मंडळी आली, शनिवारी मयत, रविवारी प्रार्थना, आणि सोमवारी त्याच मांडवात, माझ्याच खुर्च्यांवर सभा. निधी एकाच गोष्टीपुरता, मागण्या दोन. एक, कोनादूची गिरणी. दोन, शवागार. म्हणजे मयत ठेवायची थंड खोली, आम्ही नुसतं गारघर म्हणतो. तोवर मयत तालुक्याच्या इस्पितळात ठेवायचं, साठ किलोमीटर, दर दिवसाचं भाडं, ते वाढू नये म्हणून लोक लगबगीने दोन शनिवारांत उरकायचे.

अक्राशाखेचे अमोआको साहेब उठले. विम्याच्या कचेरीत मोठे, आवाज असा की माइकने आपणहून बाजूला व्हावं. "बंधूंनो, भगिनींनो. गिरणी उत्तम. आमच्या मुलीचं कौतुक. पण मी हिशेबी माणूस. गिरणीत काम करायला तरुण कुठे आहेत गावात?" कोनादू म्हणाली, "काम नाही म्हणून तरुण नाहीत, काका." "बरोबर. आणि तरुण नाहीत तर काम कसं आणायचं?" "काम आणलं तर तरुण येतील." "पण आज नाहीत ना?" असं चाललं बुवा, आणि शेवटी साहेब म्हणतात, "आपण गावात येतो कशासाठी? खरं बोलू या. मयतासाठी. तर जे लागतं ते बांधू."

माना हलल्या. आणि ओपोंगक्रोमच्या त्या मांडवात बसून, देवाशपथ, माझ्या डोक्यात काय आलं सांगू? तालुक्याला माझा एक वैरी आहे, मेन्सा, निळ्या खुर्च्यावाला. मयत तालुक्याला ठेवलं की निम्मे लोक तिथेच मांडव घालतात, निळ्या खुर्च्या लावून. गारघर गावात आलं तर? प्रत्येक शनिवार माझा. एकही पांढरी खुर्ची रिकामी नाही. आणि मनाला काय समजावलं, ऐका, चार पैसे जास्त आले की पोरीला मीच छोटी गिरणी टाकून देईन. बाप असाच फसतो, स्वतःला.

हात वर करा म्हणाले. मोजायला कोण? कोनादू, कारण तिचं गणित पक्कं आणि तिच्या हाती कागद. गिरणीला तीस. मग गारघर. ती रांगेरांगेने आली, एकवीस, बावीस, अमोआको साहेब तेवीस, माझ्या रांगेत आली, एकोणतीस, तीस... हा हात. उजवा. हा बघा, हाच. वर. ती थांबली. फार नाही, तुम्ही घास गिळाल तेवढं. मग म्हणाली, "एकतीस," आणि कागदावर लिहिलं. अक्षर नेहमीसारखं, सरळ.

पुढच्या सोमवारी गाडीपाशी ड्रायव्हर ओरडतोय, अक्रा अक्रा अक्रा, जागा नाही, माणसं दारात. मी तिची बॅग टपावर चढवली. तुम्हाला सांगतो, मला वाटलं भांडेल, दोन शब्द ऐकवेल. ती म्हणाली, "पापा, गुडघ्याला तेल लावत जा." ड्रायव्हर मला म्हणतो, "मामा, जाताना मला श्वास घ्यायला जागा नसते, आणि येताना एकटाच, रेडिओशी भांडत येतो."

गारघर झालं. फीत कापली, भाषणं झाली, खुर्च्या अर्थात माझ्या. तीन नोकऱ्या निघाल्या. यंत्रवाला अक्राहून आला, पहारेकरी त्याचा मेहुणा, तिसरी जागा अजून रिकामी. आणि मी शनिवारची वाट बघत बसलो.

शनिवार आलाच नाही. म्हणजे वार आला, मयत आलं, गारघरात गेलं, पण माणसं आली नाहीत. मंडळाने सभासदांना जागा फुकट ठेवली ना! भाडं नाही, मग घाई कसली? फोन केला तर सांगतात, "मामा, सध्या कामावर फार धावपळ, ऑगस्टमध्ये बघू." ऑगस्टमध्ये म्हणतात, ख्रिसमसला सगळे एकदम जमू. पूर्वी भाड्याच्या भीतीने का होईना, महिन्यातून दोनदा गावात चूल पेटायची. ती भीतीसुद्धा मी हात वर करून घालवली. आता आत अठरा आहेत. बुधवारच्या प्रार्थनेला आम्ही तेरा असतो. खुर्च्या चारशे, छतापर्यंत रचलेल्या, कोळ्यांनी जाळी विणलीत, आणि वारा आला की सगळी रास एकदम करकरते, कुणीतरी बसायला आल्यासारखी.

आणि गंमत ऐका. गावातली वीज दिवसदिवस जाते, गारघराची कधीच जात नाही, त्याला वेगळा जनरेटर. म्हणून फोन चार्ज करायला सगळं गाव कुठे जातं? तिकडेच. मीही जातो. बाहेरच्या पडवीत माझीच एक खुर्ची नेऊन ठेवलीय. गार वाटतं, बरंही वाटतं, सोबत असते. बोआतेमाही येते, तिच्याकडे फोन नाही तरी.

काल तिथे बसलो असताना कोनादूचा फोन आला. अक्रात कारखान्यात आहे, कुठल्या म्हणाल? निळ्या पाकिटाच्या. यंत्रावर. आपल्याच गावाचे कंद ओळखते म्हणे, मातीच्या रंगावरून.

"पापा, खोकला अजून आहे?"

"आहे थोडा. ये की एकदा."

"डिसेंबरपर्यंत रजा नाही."

"आणि त्याआधी मला काही झालं तर?"

पलीकडे यंत्राचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, रागाने नाही हो, रागाने म्हणाली असती तर बरं होतं, अगदी समजूत घातल्यासारखी म्हणाली, "तर काय पापा, आता थांबता येतं ना. आपल्याकडे सोय आहे."

फोन ठेवला. आतून यंत्रवाला डोकावला, "चेअरमन मामा, चार्जिंग कधीच झालं तुमचं. निघायचं नाही का?"

मी म्हटलं, असू दे रे. बसतो जरा. खुर्ची आपलीच आहे.