जित्या माणसाच्या डोक्यावरचा खिळा

आता तुमीच सांगा, जित्या माणसाच्या डोक्यावर खिळा ठोकते का कोणी? काऊन ठोकला मंग? अन् कोणं, तं घनश्यामनं! ज्याच्या दुकानात मी, उदाराम, एस्टीचा रिटायर कंडक्टर, तीस वर्षांपासून सकाळची कॉफी पिऊन राहिलो, त्यानं!

दुकान झकास आहे, ना नाही. अशी फेसाची कॉफी अन् ताजी पेस्ट्री गोंदियाजवळच्या आमच्या साऱ्या गोरेगावात दुसरीकडे भेटून दाखवा! कोपऱ्यातला टेबल आमचा तिघांचा... केशोराव, हेमेंद्र गुरुजी अन् मी. पण तिथं एक रीत आहे बाप्पा! रोजचा गिऱ्हाईक मेला, का त्याच्या खुर्चीच्या वर, भिंतीवर, त्याचा फोटो लागते. हारासकट! केशोराव गेले, फोटो. पोळ्याच्या आधी गुरुजी गेले, फोटो. अन् सोमवारी जाऊन पाहतो तं माझ्या खुर्चीच्या वर नवाकोरा खिळा!

म्हटलं, कॅलेंडरसाठी असंन. तेवढ्यात घनश्यामनं समोर पेस्ट्री ठेवली. पेस्ट्री! मले! शुगर निघाल्यापासून या माणसानं मले पेस्ट्रीले हात लावू देला नाही, अन् आता हळूच म्हणते कसा, "खाऊन घ्या काकाजी... कायले मन मारता?" शनिवारीच गोंदियाच्या दवाखान्यात तपासाले रगत देऊन आलो होतो, रिपोर्ट यायचा होता. याले काई समजलं का काय? काऊन ठोकला मंग?

सोडलं दुकान! चार दिवस बसस्टँडवर मशीनची कॉफी पेलो. कॉफी कायची, नुसतं गरम पाणी! पाचव्या दिवशी म्हटलं, यापरीस खिळा बरा. गेलो, अन् खडसावलं त्याले, "खरं सांग बे, काऊन ठोकला? माझ्या रिपोर्टचं काई समजलं का तुले?"

लाजला असंन का? अजिबात नाही! "रिपोर्टचं मले काई मालूम नाही, काकाजी. पण केशोरावच्या वक्ताले घाईघाईत आधार कार्डाचा फोटो लावा लागला. पाहा ना, चोरावानी दिसून राहिले! तुमचा तरी चांगला लागला पाहिजे. सवडीनं आणून द्या."

घरी येऊन बायकोले सांगितलं. वाटलं, लीलाबाई रडंन, घनश्यामले शिव्या देईन... तं म्हणते, "बरोबरच बोलला तो. पांढरा सदरा घालून जा, इस्त्री करून देतो."

रिपोर्ट अजून आला नाही. फोटो मात्र आज काढला. फोटोवाला म्हणे, "काकाजी, जरा हसा ना!"

हसलो... काय करता! लोकाइले रोज कॉफी पेता पेता तेच तोंड पाहा लागंन.