निळीच्या पिंपाला कोंडा घालणाऱ्या मुलीबाबत

दिनांक ११ फेब्रुवारी, बुधवार. आज सकाळी कारखान्याच्या बंद दारापुढे उभ्या असलेल्या मुलीला चौकशीसाठी ठाण्यात आणले. तिच्या मागून मी स्वतःहून आले.

जबाब देणार : मयत रंगाऱ्याची थोरली बहीण. वय ६१ वर्षे. व्यवसाय : शाळेत लिपिक, आता निवृत्त. राहणार : कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या माडीवर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, हा कारखाना वडिलांनी आम्हा दोघा भावंडांच्या नावे केलेला आहे. काम धाकटा भाऊ पाहत असे. तो शनिवारी संध्याकाळी वारला. रविवारी त्याच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, दाराला नवीन कुलूप लावले आणि कामाला येणाऱ्या मुलीला येऊ नकोस म्हणून कळवले.

ही मुलगी गेल्या वर्षी बालसुधारगृहातून सुटली. आता तिला अठरा वर्षे पूर्ण आहेत. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार म्हणून भावाने तिचे नाव टाचणी ठेवले. सुधारगृहात मुलांकडून नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून घेतात. भावाकडे काम मागायला आली तेव्हा ती खुर्चीत ताठ बसून म्हणाली, "मी कष्टाळू, वक्तशीर आणि प्रामाणिक आहे."

भाऊ म्हणाला, "असशील, असशील. इकडे ये, याचा वास घे."

त्या दिवशी निळीच्या पिंपाला कोंडा घालायचा राहिला होता. आधी आलेली मुले नाक धरून निघून गेली होती. ही पिंपावर वाकून राहिली आणि म्हणाली, "उपाशी माणसाच्या तोंडाला येतो तसा आहे." भावाने तिला दुसऱ्या दिवसापासून कामाला बोलावले.

आमची नीळ कोंड्यावर आंबवलेली आहे. तिला उबेत ठेवावे लागते, कोंडा घालावा लागतो, रोज सकाळी काठीने ढवळावे लागते. हयगय झाल्यास ती मरते आणि मग रंग धरत नाही. आमचे पिंप वडिलांच्या वेळेपासून मेलेले नाही. भाऊ त्याला म्हातारी म्हणे. "म्हातारीची रोज विचारपूस लागते, नाहीतर रुसून बसते," असे तो टाचणीला सांगत असे.

काल मंगळवारी उजाडताना मला खालून काठीचा आवाज आला. काठी सावकाश, एकाच दिशेने फिरत होती. भाऊ कामाला लागला असे समजून मी चहाचे आधण ठेवले. दोन कप मांडले. नंतर आतल्या जिन्याने खाली गेले.

मागची खिडकी उघडी होती. शनिवारी वाळत घातलेली कापडे तशीच दोरीवर होती आणि वाऱ्याने सगळी एकदम हलत होती. उजेड त्यांच्यातून गाळून येत होता. आपण पाण्याच्या तळाशी उभे आहोत असे मला वाटले. हे लिहिण्याची गरज नाही असे मी हवालदारांना म्हणाले, पण त्यांनी लिहिले.

टाचणी काठी न थांबवता म्हणाली, "आत्या, ओरडू नका. म्हातारी तीन दिवसांची उपाशी आहे."

मी विचारले, "आत कशी आलीस?"

"खिडकीतून. कुलपाला हात लावला नाही."

"तुला उघडता आलं असतं?"

"कुलूप? डोळे मिटून. म्हणून तर नाही लावला."

नीळ जगली की नाही हे पांढरे कापड बुडवल्याशिवाय कळत नाही. खिळ्यावर भावाचा रुमाल होता. तिने विचारले, "काकांचा बुडवू का? दुसरं पांढरं काही नाही." मी हो म्हणाले. रुमाल बाहेर आला तेव्हा पिवळट हिरवा होता. तिने तो दोन्ही हातांनी हवेत धरला. मग तो कडेकडेने निळा होत गेला. तो पुरता निळा होईपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. तोवर चहाचे पाणी आटून गेले होते.

भाच्याने तिच्याविरुद्धच्या तक्रारीत चोरीस गेला म्हणून लिहून दिलेला पांढरा रुमाल तो हाच. आज मी तो सोबत आणला आहे. दाखवला आहे. जमा करणार नाही.

काल संध्याकाळी मी भाच्याला हे सांगितले. तो म्हणाला, "आत्या, पिंपाला कुठे भूक लागते? तुला गुंडाळलंय तिने." भाचा वाईट नाही. बाप गेल्यापासून तो झोपलेला नाही. घरातल्या सगळ्या दारांची कुलुपे तो पुन्हा पुन्हा ओढून पाहतो.

गुन्हा नोंदला गेल्यास सुधारगृहाने कामासाठी दिलेली शिफारस रद्द होईल आणि तिच्यासाठी पुन्हा कोणी सही करणार नाही, असे तिच्या देखरेख अधिकारी बाईंनी मला फोनवर सांगितले. मुलगी आत्ता बाहेर बाकावर ताठ बसून आहे. माझी तिच्याबद्दल काही तक्रार नाही. आत येण्याची परवानगी तिने मागितली नव्हती. मागितली असती तर मी दिली असती. अर्धा कारखाना माझा आहे. उद्यापासून ती दाराने येईल. किल्ली मी भाच्याकडून घेतली आहे.

आज सकाळी तिला इकडे आणल्यावर म्हातारीला बघायला कोणी नव्हते. मी बाह्या वर केल्या, कोंडा घातला आणि काठी एकाच दिशेने, बुडबुडा येऊ न देता फिरवली. मग झाकण लावून आले.

हवालदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. "घुसली" होते तिथे मी "आली" करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे. सहीच्या बाजूला कागदाला निळा डाग लागला आहे, तो माझ्या बोटांचा आहे. ती खाडाखोड समजू नये.