बंद करायची कॅसेट

मुलगा : इथे सही कर आई, आणि निघू. गाडी रस्त्यातच उभी केलीय.

आई : थांब जरा. ताई, काय लिहिलंय ते वाचून दाखवा ना. चष्मा असूनही मला ही बारीक अक्षरं लागत नाहीत.

अभिलेखपाल : नागरी हक्क समिती बंद झाली, तेव्हा त्यांचं सगळं दप्तर आमच्या अभिलेखागारात आलं. त्यात तुमच्या जबानीची कॅसेट आहे. ती पुढची पन्नास वर्षं कुणालाही ऐकू देऊ नये, असं लिहिलंय. बोललात तुम्ही, तेव्हा ठरवायचंही तुम्हीच.

मुलगा : आई, तेव्हा ज्यांचं सरकार होतं, त्यांच्याकडूनच मला उमेदवारी मिळतेय. हे बाहेर आलं तर संपलंच. बाबा कोठडीत हृदयविकाराने गेले, तेवढंच राहू दे.

आई : तेवढं मी तुला सांगितलं. लोक तुझ्या बाबांबद्दल आणखी एक सांगतात. युनियनचा सेक्रेटरी फितूर झाला, संप मागे घेतल्याच्या कागदावर सही करून बसला. काचकारखान्यातले म्हातारे अजून मला पाण्यात पाहतात. ताई, लावा कॅसेट.

मुलगा : कशाला उकरून काढतेस?

आई : सही मागतोस ना? मग कशावर मागतोस, ते ऐक तरी.

(खरखर. मग एका तरुण बाईचा आवाज.)

कॅसेट : ...इतकं मारलं, पण सही केली नाही त्यांनी. मग मला पोलीस ठाण्यातून निरोप आला, पोराला घेऊन या. मला वाटलं, भेट घालून देताहेत. आत गेले तर यांना उभंही राहता येत नव्हतं. साहेबाने कडेवरचं पोर ओढून घेतलं, टेबलावर उभं केलं आणि त्याच्या पायाला काठी लावली. मारली नाही हो, नुसती लावली. यांनी लगेच पेन मागितलं. दुसऱ्या दिवशी प्रेतच दिलं...

मुलगा : बंद करा.

अभिलेखपाल : केली.

मुलगा : टेबलावर... मी होतो?

आई : रडलासुद्धा नाहीस. बाबांकडे हात पसरलेस, उचलून घ्या म्हणून.

मुलगा : कधी बोलली नाहीस आई!

आई : काय बोलणार? तुझ्यापायी सही केली म्हणून? छापू नका, असं समितीला मीच विनवलं. तू जन्मभर ते घेऊन फिरला असतास. त्यापेक्षा त्यांची बदनामी मी सोसली. पण आता पन्नास वर्षं? त्यांना फितूर म्हणणाऱ्यांपैकी ऐकायला उरणार कोण? मी सही करणार नाही. उमेदवारीचं तुझं तू बघ.

अभिलेखपाल : साहेब, तुमचा फोन वाजतोय.

मुलगा : हं, बोला... नाही, सही झाली नाही... होणारही नाही... मला कुणी भरीला घातलं नाही... नाही, एकटा नाहीये. आई बरोबर आहे.